दाढीच्या आरशातले राजहंस

माझ्या आयुष्यातला पहिला राजहंस मी दाढीच्या आरशात पाहिला, आणि तोही तळ्याकडे पाठ करून. समोर एक बाभळ होती आणि तिच्या बुंध्यावर मुंगळ्यांची रांग लागली होती. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ माझ्यासारखेच तळ्याकडे पाठ करून मांडी घालून बसले होते. खांद्याच्या वर आरसा धरून, ओठ न हलवता ते मला सांगत होते, की मान वळवलीस तर खोली खाली करावी लागेल. ते माझे घरमालक होते. खोलीत राहायला येऊन मला दोनच दिवस झाले होते, त्यामुळे मी मान वळवली नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. घर सांगलीला, हळदीच्या पेठेत. पहिलीच नेमणूक माण तालुक्यातल्या एका गावी झाली तेव्हा आईने डोळे पुसले आणि वडिलांनी पाण्याच्या चार बाटल्या बरोबर दिल्या. गावात शेळ्यामेंढ्या भरपूर, निम्मे पुरुष मुंबईला आणि उरलेल्यांपैकी बरेच फौजेत किंवा फौजेतून परत आलेले. गावाच्या वरच्या अंगाला एक जुनं तळं होतं. पूर्वी ते माघातच आटायचं म्हणे, पण अलीकडे कॅनॉलचं पाणी येऊ लागल्यापासून उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर सुभेदारांचं घर होतं. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि गल्ली आबा म्हणायची. मी गल्लीत राहायला आलो होतो, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो.

खोली भाड्याने देताना लोक काय काय विचारतात. जात, पगार, लग्न, रात्री उशिरा येणार का. आबांनी फक्त शर्ट किती आणि कोणत्या रंगाचे एवढंच विचारलं. पाच, त्यातले चार पांढरे, असं मी सांगितल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. पांढरा शर्ट पाखराला कोसावरून दिसतो, म्हणाले, आणि या घरातला माणूस तळ्यावर येणार नाही असं तर होणार नाही. शेवटी त्यांच्या पत्नीने, म्हणजे जिजींनी, मधला मार्ग काढला. माझे चारही शर्ट त्यांनी चहाच्या चोथ्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घातले. सकाळी त्यांचा रंग असा झाला होता की दवाखान्यातल्या साहेबांनी मला बाजूला घेऊन गावात धोबी नाही का म्हणून विचारलं.

आबांचा सिद्धान्त साधा होता. पाखराला माणसाचं अंग कळत नाही, तोंड तेवढं कळतं. "पाठ म्हंजे दगूड," ते म्हणायचे. "तोंड म्हंजे माणूस. दगडाला कोण भितंय?" म्हणून तळ्यावर जायचं ते पाठमोरं बसायला. दुर्बिणीला त्यांचा ठाम विरोध होता, कारण दुर्बीण लावली की माणसाचं तोंड अजूनच मोठं आणि काळं दिसतं. आरसा मात्र फौजी पाहिजे, म्हणजे पत्र्याच्या चौकटीतला, मागे टेकू असलेला. त्याच्या वरच्या कडेला त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून छपरी बसवली होती, म्हणजे उन्हाची तिरीप मारून पाखरं बिचकणार नाहीत. त्या छपरीच्या शोधाचा त्यांना फार अभिमान होता. शौर्यपदक मिळाल्यासारखे ते ती लोकांना दाखवत.

या आरशाचा उगम लडाखचा. आबा तिथे एका चौकीवर होते. तिथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडची हाडं गोठवणारी थंडी. चौकीच्या खाली एक तळं होतं. एका सकाळी खांबाला आरसा टांगून आबा दाढी करत होते, निम्मी झाली होती, आणि साबण लावलेल्या गालाच्या मागे आरशात त्यांना हंस उतरताना दिसले. आदल्या दिवशी त्यांनी हेच हंस बघायला मान वळवली होती तेव्हा सगळे उडून गेले होते. आज ते वळलेच नाहीत. तसेच उभे राहिले, वस्तरा हातात, साबण गालावर वाळत चाललेला. तेवढ्यात मागून साहेब आले. निम्मी दाढी केलेला जवान खांबासमोर पुतळ्यासारखा उभा, हे काय आहे म्हणून ते ओरडणार, तेवढ्यात आबांनी आरसा जरा तिरका केला. साहेबांनी आत पाहिलं आणि तेही गप्प झाले. दोघं किती वेळ उभे होते कोण जाणे. या गोष्टीचा शेवट आबा दर वेळी वेगळा सांगायचे. कधी साहेबांनी त्यांना रम पाजली, कधी शिक्षा दिली, आणि दारूबंदीवाले पाहुणे समोर असले तर फक्त चहा पाजला.

ते हंस आपल्या गावच्या तळ्यातलेच होते, हे आबांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. लहानपणापासून हिवाळ्यात गावच्या तळ्यावर त्यांनी ते पाहिले होते. राखी अंग, पांढरं डोकं, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. मी फोनवर शोधून सांगितलं की पुस्तकात यांना पट्टकदंब म्हणतात. आबांना त्यात रस नव्हता. दोन पट्ट्या म्हणजे नायक, एवढं त्यांना पुरेसं होतं. फौजेत नायकाच्या बाहीवर दोन पट्ट्या असतात, यांच्या डोक्यावर आहेत, एवढाच फरक. "दरसाल हिमालय वलांडत्यात," ते हळहळून म्हणायचे, "पन अजून हवालदार क्येलं न्हाई कुनी त्यास्नी."

तळ्यावरचे बाकीचे पाहुणेही त्यांनी असेच भरती करून घेतले होते. काठाकाठाने शेपटी हलवत पळणारा धोबी पक्षी हा पहारेकरी. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या हा बँडवाला, कारण पाय उचलून टाकायची त्याची पद्धत. आणि फाल्गुनात पळस, पांगारा फुलला की थव्याथव्याने येणाऱ्या गुलाबी भोरड्या, त्या मात्र फौजेत नव्हत्या. त्या मुंबईकर. "येत्यात कालवा करत, असंल ते खात्यात, कुनाचं ऐकत न्हाईत, आन् एका दिवशी सगळी गाडी भरून पसार." हे ते मुंबईहून जत्रेला आलेल्या आपल्या सख्ख्या पुतण्यांसमोर म्हणायचे. पुतणे हसायचे आणि ताटात अजून मटण वाढून घ्यायचे.

आरशाचे काही तोटेही होते. पाठमोरं बसून आरशात जे उजवीकडे दिसतं ते वळून पाहिल्यावर डावीकडे असतं. आबांची अख्खी पेन्शन आरशात बघण्यात गेल्यामुळे त्यांची उजवी-डावी कायमची उलटी झाली होती. एकदा एका वस्तीवर गाय अडली होती. देवळापासून उजव्या हाताचा रस्ता, असं आबांनी मला सांगितलं. मी मोटारसायकल हाणत गेलो तो भलत्याच वस्तीवर. तिथली माणसं हरखून गेली. न बोलावता सरकारी डॉक्टर दारात, असं त्यांच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. त्यांनी मला बसवून घेतलं, चहा पाजला आणि दावणीच्या झाडून सगळ्या शेळ्या तपासून घेतल्या. मी खऱ्या वस्तीवर पोचलो तेव्हा गाय आपली आपण विऊन वासराला चाटत होती. संध्याकाळी आबांना विचारलं तर म्हणाले, मी आरशातली उजवी सांगितली होती, तू जमिनीवरची धरलीस. चूक माझीच, असं त्यात स्पष्ट होतं.

एका हिवाळ्यात सांगलीहून पक्षिमित्रांची एक तुकडी आली. हातभर लांब कॅमेरे, पानापानांचे कपडे, डोक्यावर तसल्याच टोप्या. मी त्यांच्याच गावचा म्हणून मला जरा बरं वाटलं. आबांनी त्यांचे कपडे पसंत केले, पण तोंडं नापसंत केली. बाजारातून आणून ठेवलेले सात-आठ आरसे त्यांनी वाटले आणि सगळ्यांना ओळीने बाभळीकडे तोंड करून बसवलं. पुढारी माणूस जरा कुरकुरला. पण फौजी आवाजात बसा म्हटल्यावर बसावंच लागतं. मग हळूहळू पलीकडच्या काठाचे हंस पोहत पोहत अलीकडे आले, इतके जवळ की त्यांच्या चोची वाजलेल्या ऐकू येऊ लागल्या. ओळीतल्या एका बाई आरशात बघता बघता हसायला लागल्या. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला होता. तळ्याच्या मातीच्या भरावावरून जाणाऱ्या बायाबापड्यांनी चांगली शिकलीसवरलेली माणसं हातात आरसे घेऊन बाभळीची पूजा करताना पाहिली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शेळी घेऊन आलेल्या एका म्हातारीने मला हळूच विचारलं, की ते बसल्याने गुडघ्याला गुण येतो का.

त्या तुकडीतल्याच कुणीतरी जेवताना सांगितलं, की हे हंस लडाखलाच जातात असं नाही, काही तिबेटात तर काही थेट मंगोलियात जातात. आबांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. असतील तिकडचीही, म्हणाले, पण आपली लडाखची.

आता माझी बदली पलूसला झाली आहे. कृष्णा जवळ आहे, ऊस आहे, पाण्याला तोटा नाही. रविवारी सकाळी मी नदीकाठी जातो आणि सवयीने पाण्याकडे पाठ करून बसतो. लोक मला जरा तसाच समजतात. माझी त्याला हरकत नाही. चांगल्या माणसाकडून लागलेली सवय आहे.

पण आबांचं चित्र जिजींशिवाय पुरं होत नाही, आणि जिजींचं पाखरांशी वाकडं होतं. उंच, सडसडीत, बोलायला परखड. घर त्यांनी एकटीने चालवलं होतं. सासू-सासरे सांभाळले, दोन मुली वाढवून लग्नं करून दिली, दुष्काळात छावणीवर जनावरं घेऊन राहिल्या. आबा सुट्टीवर यायचे ते पाहुण्यासारखे. हंसांना त्या ‘माझ्या सवती’ म्हणायच्या. कार्तिक सरत आला आणि आकाशातून हंसांचा आवाज आला की चुलीपुढूनच सांगायच्या, "जावा, आल्या माझ्या सवती." आणि आबा खरोखरच आरसा घेऊन निघायचे.

सवती म्हणण्यामागे कारण होतं. लडाखला असताना आबांना सलग दोन-तीन वर्षं सुट्टी मिळाली नव्हती. त्या काळात हंस मात्र दर हिवाळ्याला वेळेवर तळ्यावर यायचे. जिजी तळ्यावर धुणं धुवायला जायच्या तेव्हा ते समोर पोहत असायचे. पुढे सुट्टीवर आल्यावर आबांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की ही पाखरं उन्हाळाभर माझ्याजवळ असतात. पाखरांना सुट्टी मिळते आणि तुम्हाला मिळत नाही, एवढंच जिजी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी तळ्यावर धुणं धुणं सोडलं. विहिरीवर जाऊ लागल्या. नंतर नळ आला. भरावावर त्यांचं पाऊल म्हणून पडलं नाही.

दुसरी गोष्ट जाण्याची. सुट्टी संपली की आबा पहाटे, घर झोपेत असताना, ट्रंक उचलून निघून जायचे. रडारड नको, कुणी वेशीपर्यंत यायला नको. फौजेतले बरेच जण असं करतात, आबांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. जिजी उठायच्या तेव्हा अंथरुणाची घडी घातलेली असायची आणि ट्रंकेची जागा रिकामी असायची. मग त्या दिवसापासून पुढच्या सुट्टीपर्यंत रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा तो एकटीने.

म्हणून आबा पेन्शनीवर घरी आले त्या पहिल्याच संध्याकाळी जिजींनी एक अट घातली. दिवेलागणीला तुम्ही घरात पाहिजे. बाकी दिवसभर कुठे जायचं ते जा, कुणाला काय दाखवायचं ते दाखवा, पण मी दिवा लावीन तेव्हा तुम्ही देवापुढे उभे पाहिजे. आबांनी शब्द दिला आणि तो फौजी शब्द होता. ग्रामसभा रंगात आलेली असो, लग्नाची वरात दारात असो, दिवस मावळला की सुभेदार उठले. कुस्त्यांच्या मैदानात शेवटच्या जोडीला पंच म्हणून बसवलं होतं, तर जोड लागलेली असताना शिट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन घरी गेले. गावातले लोक आबा वाटेने जाताना दिसले की घरात दिवे लावायला सांगायचे.

आणि याच शब्दामुळे आबांच्या आयुष्यातली एक गोष्ट राहून गेली होती. हंस आलेले त्यांनी अनेकदा पाहिले होते. पण हंस जाताना त्यांना कधीच दिसले नव्हते. शिमगा झाला की हंसांची चुळबुळ सुरू व्हायची. काढणी झालेल्या हरभऱ्याच्या रानात ते तासन्‌तास चरायचे, अंगावर चरबी चढवायचे. आबा सकाळपासून आरसा घेऊन बसायचे, दुपारची भाकरी तिथेच. संध्याकाळी शब्दाप्रमाणे घरी. आणि एका सकाळी जाऊन बघावं तर तळं रिकामं. काठावर पिसं आणि चिखलात पायांचे ठसे. त्या दिवशी आबा, न सांगता गेली, एवढंच पुटपुटत अंगणात फेऱ्या मारायचे. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं तेव्हा जिजी ज्वारी निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "न सांगता गेल्यावर मागल्या मानसाला कसं वाटतं, कळू द्या की जरा."

आबा फेऱ्या मारायचे थांबले. मग पायात चप्पल घालून माळाकडे निघून गेले. त्या संध्याकाळीही दिवेलागणीला मात्र वेळेवर हजर होते.

त्याच वर्षीची गंमत अशी, की हंस जाताना मी पाहिले होते. आदल्या संध्याकाळी एका वस्तीवरून परत येत होतो. दिवस मावळून गेला होता, पश्चिमेला थोडा उजेड होता. तळ्याजवळ आलो तर वर एकच गलका. मोटारसायकल थांबवून पाहिलं तर हंसांची लांबच लांब माळ तळ्यावर घिरट्या घालत होती. मग ती उत्तरेकडे सरकली आणि दिसेनाशी झाली. मला वाटलं, चरायला गेले असतील. आबांच्या फेऱ्या पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी ते दुसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. म्हणजे हंस दिवेलागण झाल्यावर उठतात. आबांचा घास हातातच राहिला.

पुढचं वर्षभर माझी सुटका नव्हती. पहिला कोण उठला, त्यांची तोंडं कुणीकडे होती, घिरट्या किती घातल्या, आवाज कसा होता, मधे थांबून ओरडत होते की सलग, असे प्रश्न आबा मला वाट्टेल तेव्हा विचारायचे. मी रेड्याच्या तोंडात औषधाची नळी घालून उभा असलो तरी विचारायचे. पाहुणे आले की मला खोलीतून बोलावून घ्यायचे आणि सांग म्हणायचे. दोन-चार मिनिटांत पाहिलेली गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, की तिच्यात आपोआप भर पडत गेली. शेवटी शेवटी तर एक हंस माझ्याकडे वळून बघत होता असंही मी सांगू लागलो. आबा डोळे मिटून ऐकायचे. जिजी आतून ऐकायच्या, ते मला भांड्यांचा आवाज थांबायचा त्यावरून कळायचं.

एकदा न राहवून मी म्हणालो, की एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, जिजींना विचारून बघा. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना देवळातली घंटा चोरायला सांगितलं होतं. दिलेला शब्द परत मागायचा नसतो, म्हणाले. आणि वर म्हणाले, की तिने इतकी वर्षं दिवा एकटीने लावला, तेव्हा तिने कधी कुणाकडे सूट मागितली होती?

दुसऱ्या वर्षी हंस जरा उशिरापर्यंत राहिले. पळस फुलून झडला, मुंबईकर भोरड्या गेल्या, पाडवा तोंडावर आला, तरी नायकांचा तळ हलला नव्हता. आबांनी दाढी करायची सोडली होती, कारण आरसा सतत तळ्यावर. मी दवाखाना सुटला की त्यांच्या शेजारी जाऊन बसायचो. त्या दिवशी वारा फिरला होता. दुपारपर्यंत उकडत होतं आणि चारच्या सुमाराला दक्षिणेकडून झुळूक सुरू झाली. हंस चरायला गेलेच नाहीत. सगळे तळ्याच्या मधोमध गोळा झाले होते, माना ताणून एकमेकांना हाका घालत होते. आज आहे, हे मलाही कळत होतं. आबा आरसा या हातातून त्या हातात घेत होते.

दिवस माळाला टेकला. आबा उठले. आरसा खिशात घातला, धोतराची धूळ झटकली.

"चला डॉक्टर. येळ झाली."

आम्ही भरावावरून घराकडे चालू लागलो. मागे हंसांचा कालवा वाढत होता. आबांनी मान वळवली नाही. पावलं मात्र रोजच्यासारखी सैनिकी पडत नव्हती. मला त्यांचा राग आला, जिजींचा आला, आणि शब्द पाळणाऱ्या सगळ्या माणसांचा आला.

निम्म्या वाटेत समोरून जिजी येताना दिसल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताने लुगडं जरा वर धरलेलं. आबा जागच्या जागी थांबले. भरावावर जिजी म्हणजे घरात नक्की काहीतरी वाईट झालंय, असंच त्यांना वाटलं असणार. काय झालं म्हणून त्यांनी घाईने विचारलं. काही झालं नाही, त्यांचा कालवा घरापर्यंत ऐकू येतोय, परत फिरा, असं सांगून जिजी आमच्या पुढे चालू लागल्या. थेट बाभळीपाशी जाऊन एका दगडावर बसल्या आणि पिशवीतून देव्हाऱ्यातला पितळी दिवा, तेलाची बाटली आणि काडेपेटी काढून शेजारी मांडली.

"दिवा हितं हाय," त्या म्हणाल्या. "मी लावीन तवा दिवेलागन. तवर बसा गप."

आबा उभेच होते. सुभेदारांना हुकूम पाळायची सवय होती, पण असा हुकूम कुणी दिला नव्हता. मग ते बसले, आपल्या नेहमीच्या जागी, तळ्याकडे पाठ करून. जिजी मात्र तळ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. दोघं खांद्याला खांदा लावून, एक इकडे बघतोय आणि एक तिकडे. आबांनी हळू आवाजात त्यांना तोंड फिरवायला सांगितलं, नाहीतर पाखरं बिचकतील म्हणून.

"फिरवायची न्हाई," जिजी म्हणाल्या. "जानाऱ्याची पाठ बी मला कवा बगाय मिळाली न्हाई. आज बगू द्या."

आबांनी आरसा पुन्हा वर धरला. मी बाभळीवरचे मुंगळे बघत राहिलो.

आणि पाखरं बिचकली नाहीत. जिजींचं तोंड सरळ समोर असूनही एकही हंस बाजूला सरकला नाही. आबांच्या चाळीस वर्षांच्या सिद्धान्ताला भगदाड पडत होतं आणि ते त्यांना आरशात स्वच्छ दिसत होतं. जिजींनीही ते ओळखलं. माझं तोंड ओळखीचं आहे त्यांच्या, म्हणाल्या, इतकी वर्षं इथेच धुणं धुतलंय मी.

उजेड कमी कमी होत गेला. मग एक हंस पाण्यावर पंख आपटत धावला आणि त्याच्या मागे सगळं तळं उठलं. पंखांचा वारा आमच्या पाठीला लागला. आबा आरसा वर धरत होते, खाली धरत होते, तिरका करत होते. पण तळहाताएवढा आरसा तो, त्यात थवा मावेना. दोन हंस आत आले की दहा बाहेर जायचे. जिजींनी त्यांच्या हातातून आरसा काढून घेतला आणि पालथा मांडीवर ठेवला.

आबा वळले. माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच त्यांनी पाखरांकडे तोंड केलं. चेहऱ्यावर पांढरे खुंट वाढलेले, तोंड लहान मुलासारखं उघडं, आणि वर, अगदी डोक्यावरून, ते सगळे नायक ओरडत ओरडत फिरत होते. एक घिरटी, दोन, तीन. मी वर्षभर सांगत आलो होतो त्यापेक्षा ते कितीतरी सुंदर होतं, आणि माझ्याकडे वळून कोणीही बघत नव्हतं. मग त्यांनी माळ धरली आणि उत्तरेकडे निघाले. दिसेनासे झाले तरी आवाज बराच वेळ येत होता.

"बगा," जिजी म्हणाल्या. "पाखरं बी सांगून जात्यात."

आबांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. जिजींनी त्या रिकाम्या आभाळाकडे बघत हात जरा वर केला आणि या परत, असं सवतींना सांगितलं. मग दिव्यात तेल घातलं, काडी ओढली, आणि आम्ही तिघांनी तळ्याच्या काठी दिव्याला हात जोडले. घरी येताना जिजींनी दिवा पदराआड धरला होता आणि आबा वाऱ्याच्या बाजूने चालत होते. तरी तो दोनदा विझला. दोन्ही वेळा जिजींनी वाऱ्याला शिव्या घातल्या आणि आबा मोठमोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. तळं रिकामं आहे हे आबांना माहीत होतं, तरी ते आरसा खिशात घालून निघाले. दाढी मात्र आज गुळगुळीत केलेली होती. पायरी उतरले, थांबले, परत वर चढले आणि उंबऱ्यात उभे राहिले. घसा खाकरला. परेडवर हजेरी देतात तशा आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "येतो गं मी."

आत भांड्यांचा आवाज थांबला. आबा हलले नाहीत. मीही ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिलो.

मग जिजी हात पुसत दारापर्यंत आल्या. आबांकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"या," त्या म्हणाल्या. "दिवा लागायच्या आत."

आणि आबा पायऱ्या उतरून तळ्याच्या वाटेला लागले. वळणावर दिसेनासे होईपर्यंत जिजी दारात उभ्या राहून त्यांची पाठ बघत होत्या.